थोरल्या वाड्याचं तेल

बद्रीनाथ किराणावाल्याने खोकं परत दिलं तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. दोघांनीही लगेच मान फिरवून साखरेच्या पोत्याकडे पाहायला सुरुवात केली. दुसऱ्याची फजिती चालू असली की नांदूरघाटची माणसं एकदम सभ्य होतात.

"वैनी, राग मानू नका," बद्रीनाथ म्हणाला. "फळीवर नुसती जागा अडून बसलीय. तितं मी बिस्कुटं तरी लावीन."

"राग कशाचा," ज्योत्स्ना म्हणाली.

आणि खरंच तिला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते. तिने खोकं स्कुटीवर पायापाशी ठेवलं, त्याच्यावर एक पाय टेकवला आणि घराकडे निघाली. दिवाळीच्या आधी तिने या दुकानात करडईच्या तेलाच्या बारा बाटल्या ठेवल्या होत्या. आता होळी होऊन गेली होती आणि खोक्यात अकरा बाटल्या होत्या. बारावी खुद्द बद्रीनाथनेच नमुना म्हणून फोडली होती. केजपासून मांजरसुंब्यापर्यंत अशा सात दुकानांत तिची खोकी होती. सुट्टी लागल्यावर वसतिगृहातली पोरं येतात तशी ती एकेक करून घरी येत होती.

घाणा येऊन दीड वर्ष झालं होतं. सासरे ज्ञानोबा ओव्हाळ एसटीत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत त्यांनी घरातले सगळे पंखे, वस्तीतले निम्मे मोटारपंप आणि शेजारणीची शिलाई मशीन उघडून पाहिली. मग उघडायला काही उरलं नाही, तेव्हा लाकडी घाण्याचं डोक्यात घेतलं. मोटारीवर चालणारा लाकडाचा खल, त्यात फिरणारं मुसळ, खाली तोटीतून पडणारं तेल. बौद्ध वस्तीच्या टोकाला, केजच्या रस्त्याकडे तोंड करून त्यांनी पत्र्याचं शेड उभं केलं. चालवायचं सुनेने आणि बिघडलं तर बघायचं सासऱ्याने, असं ठरलं. घाणा चांगला निघाल्यामुळे ज्ञानोबांना फारसं काम मिळालं नाही.

तेलात खोट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण अशा गोष्टींत शेवटी मालातच खोट निघते आणि ऐकणारा मोकळा होतो. इथे तशी सोय नाही. ज्योत्स्ना निवडून करडई घ्यायची, तेल तीन दिवस निवळू द्यायची, मगच बाटलीत भरायची. फोडणी दिली की शेजारच्या घरात वास कळायचा. तरी बाटल्या परत येत होत्या.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. संजय चाकणला एका कारखान्यात कामाला होता आणि महिन्यातून एकदा घरी यायचा.

"मांजरसुंब्याचा एक जन मशीन बघायला येतो म्हनतोय," तो म्हणाला. "बजरंग नाव हाय. एप्रिलच्या शेवटच्या रैवारी. मी बी येतो. आपल्या चैतालीची परीक्षा झालेली असल. मशीन दिऊन टाकू आन् तुमी दोघी हिकडं या. लई झालं आता."

"आन् मामा?"

"त्यांना बी म्हन की."

ज्ञानोबा पलीकडे खाटेवर बसून ऐकत होते. "मी हितंच बरा," ते म्हणाले आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

ज्योत्स्नाने चाकण पाहिलं होतं. लग्नानंतर दोन वर्षं ती तिथे होती. एक खोली, सकाळी पाण्याची रांग, आणि मग दिवसभर उभं राहून पिशव्यांत नटबोल्ट भरायचे. तिथे तिला कुणी कधी आडनाव विचारलं नाही. नावही विचारलं नाही, छातीवर नंबर होता. घाणा हे तिच्या आयुष्यातलं पहिलं काम होतं, ज्यात सकाळी कधी सुरू करायचं हे ती ठरवत होती. ते जाणार होतं. साठी उलटलेला म्हातारा एकटा पडणार होता. आणि संजय म्हणत होता त्यात चूकही काही काढता येत नव्हती, हे सगळ्यात दमवणारं होतं.

झालं होतं ते सगळं सतीशच्या हाताने झालं होतं, आणि प्रेमाने झालं होतं. सतीश म्हणजे तिचा धाकटा दीर. बीडमध्ये त्याचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं आणि मोबाईलवर मार्केटिंगचे दोन कोर्स करून तो त्यातला जाणकार झाला होता. घाणा बसवला त्याच दिवशी त्याने सांगितलं होतं, "वैनी, तेल कुनी बी काढतंय. इकतं त्ये नाव."

नाव त्यानेच काढलं. 'थोरला वाडा – अस्सल लाकडी घाणा तेल'. लेबलवर फेटा बांधलेला, भरघोस मिशांचा एक माणूस, मागे दगडी कमान आणि दोन पांढरे बैल. बैल कुठल्या राज्यातले होते कोण जाणे, आपल्याकडची शिंगं नव्हती ती. खाली बारीक अक्षरांत 'जे. डी. एंटरप्रायजेस' आणि सतीशचा फोन नंबर. ओव्हाळ हा शब्द शोधूनही सापडला नसता.

ज्ञानोबांनी चष्मा पुसून लेबल पाहिलं होतं. "ह्यो कोन?"

"मॉडेल हाय, आबा."

"मंग आपल्या बाटलीवर कावून उभा हाय?"

सतीशने लेबल परत हातात घेतलं. मग म्हणाला, "आबा, ओव्हाळ लिवलं तर फळीवरून कोन उचलन का? तुमीच सांगा."

कुणीच काही सांगितलं नाही. त्या गप्प बसण्यालाच सगळ्यांनी होकार समजून घेतलं आणि लेबलं छापून आली.

त्यानंतर उद्घाटन. सतीशने वीस फुटी फ्लेक्स लावला. त्यात पुढाऱ्यांचे अकरा चेहरे होते आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढी तेलाची बाटली. नारळ फोडणारा पुढारी घाणा न बघताच निघून गेला, आणि दुसऱ्या गटाच्या माणसांनी त्या दिवसापासून शेडकडे पाहायचंच बंद केलं. मग मोबाईलवर व्हिडिओ झाले. ते लोकांनी पाहिले. नाशिकहून एकाने फोन करून विचारलं की वाड्यात राहायची सोय आहे का, एसी खोल्या किती. शेवटी संक्रांतीला सतीशने 'एकावर एक मोफत' लावलं आणि उरलासुरला धंदाही बसला. या भागातल्या बायकांनी शेतात करडई वाढवलेली असते, काट्यांनी हात फाडून घेतलेले असतात. एक लिटर तेलाला किती करडई जाते हे त्यांना तोंडपाठ असतं. दुसरी बाटली फुकट देणारा एकतर वेडा किंवा भेसळ करणारा. वेडा तर कुणी दिसत नव्हता.

प्रत्येक वेळी सतीश म्हणायचा, "वैनी, अजून थोडी पोहोच वाढवावी लागल." ज्योत्स्ना बरं म्हणायची.

खोकं परत आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुक्ताबाईंच्या घरावरून चालली होती. मुक्ताबाईंची पंधरा एकर जमीन, पोरं शिकलेली, गावात शब्दाला वजन. ज्योत्स्नाची सासू भामाबाई जाईपर्यंत त्यांच्याच रानात खुरपायला होती. गोठ्याच्या भिंतीला एक रिकामी बाटली अडकवलेली ज्योत्स्नाला दिसली. म्हशीच्या औषधाचं पाणी भरलेलं होतं, पण फेटेवाला ओळखू येत होता.

ती थांबली. एवढ्या महिन्यांत तिने दुकानदारांना विचारलं होतं, सतीशला विचारलं होतं, मोबाईललाही विचारलं होतं. तेल खाल्लेल्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं.

मुक्ताबाई ओट्यावर सूप घेऊन तुरीची डाळ पाखडत होत्या.

"काकू, त्या बाटलीतलं तेल कसं होतं हो?"

मुक्ताबाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चांगलं होतं."

"मंग पुन्यांदा कावून न्हाई घेतलं?"

"बस," मुक्ताबाई म्हणाल्या.

ज्योत्स्ना पायरीवर बसली. वर ये असं कुणी म्हटलं नाही, आणि तीही ते धरून चालली नव्हती.

"पोरानं केजाहून आनलं," मुक्ताबाई म्हणाल्या. "थोरला वाडा, थोरला वाडा. मला वाटलं आसल कोन्या इनामदाराचं. लई गोडी लागली. मंग बद्रीला इचारलं, बाबा, ह्यो वाडा हाय कुठं? तर दुकानात कुनी न्हाई ना बघून हळूच म्हनतो, आपल्या ओव्हाळाचं हाय त्ये. मी म्हनलं, ओव्हाळाला वाडा कवा झाला?"

ज्योत्स्ना पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली.

"तुझ्या सासूनं वीस वर्सं माझ्या रानात काम केलं. एक शेंग न इचारता उचलली न्हाई. आन् तुमी माझ्या घरात तेल पाठिवता, त्ये बी दुसऱ्याच्या मिशा लावून. बाटलीवर मालक खोटा, मंग आत काय खरं आसल? घरात कालवण कशात करायचं ह्यो प्रश्न हाय बाई, खेळ हाय का?"

"नाव लिवलं आसतं तर घेतलं आसतं का, काकू?"

हे ज्योत्स्नाला विचारायचं नव्हतं. पण दमलेल्या माणसाच्या तोंडावर झाकण नीट बसत नाही.

मुक्ताबाईंचं सूप थांबलं. त्यांनी खोटं बोलायचं मनात आणलं असावं, पण मग तेही टाकून दिलं. "कोन जाने," त्या म्हणाल्या. "न्हाई बी घेतलं आसतं. पन मंग ती चूक माझ्याकडं ऱ्हायली आसती. आता तुमच्याकडं हाय."

घरी येताना ज्योत्स्ना मनात तेच घोळवत राहिली. लपवलं तर लबाड, न लपवलं तर ओव्हाळ. म्हणजे दोन्ही दारं बंदच. तिला म्हातारीचा संताप यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण एवढं खरं दीड वर्षात दुसऱ्या कुणी बोललं नव्हतं, हेही तितकंच होतं. सतीशने काढलेलं नाव बीडमध्ये चाललं असतं, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही. इथे तीन पिढ्यांची ओळख असलेल्या माणसांपुढे त्यांनी फेटा बांधून उभं राहायचं ठरवलं होतं.

तिने ज्ञानोबांना सगळं सांगितलं. भामाबाईचं नाव निघाल्यावर म्हाताऱ्याने टीव्ही बंद केला.

"आमच्या ल्हानपनी तेल्याचा घाना व्हता गावात," ते म्हणाले. "जो तो आपली करडी घिऊन जायचा. आमाला दारातून आत येऊ देत न्हवते. भाईर बसायचो. पन नजर घान्यावर. आपली करडी, आपल्यासमोर पिळायची, आपलं तेल, आपली पेंड. इस्वासाचा प्रश्नच न्हवता. डोळ्यानं दिसत व्हतं."

"मंग आपन पयल्यापासून तसं कावून न्हाई केलं, मामा?"

"सत्या नको म्हनला की."

हे खरं होतं, आणि तेव्हा ज्योत्स्नालाही सतीशचंच पटलं होतं. तो म्हणाला होता की आपली माणसं जन्मभर दुसऱ्याच्या मालावर राबली, आता माल आपला, नाव आपलं, मालकी आपली. लोकांची करडई मजुरीवर पिळून द्यायची म्हणजे पुन्हा तेच खुरपं, फक्त मोटारीवरचं. हे ऐकून त्या दिवशी तिच्या अंगावर काटा आला होता. फक्त माल आपला म्हणता म्हणता बाटलीवरून नाव गेलं, तिकडे दोघांचंही लक्ष गेलं नव्हतं.

दोन दिवस ती हेच उलटंपालटं करत राहिली. वस्तीतून, गावातून, वाड्यावस्त्यांवरून फिरताना तिला घराघरांत गोण्या दिसत होत्या. करडईची काढणी नुकतीच झाली होती. ज्याच्या त्याच्या घरात स्वतःची करडई पडून होती. कुणी ती पडत्या भावात व्यापाऱ्याला घालून पुडीतलं तेल विकत आणत होता. आणि अशा गावात ती बाटली विकायला निघाली होती. तिला स्वतःचीच कीव आली. हे कळायला कोर्स लागत नव्हता, नुसतं घराबाहेर पडून बघायला हवं होतं.

सतीश रविवारी आला तेव्हा ती टबात बाटल्या भिजत घालून लेबलं खरवडत होती.

"वैनी, हे काय करताय?"

तिने सांगितलं. बोर्ड लावायचा. त्यावर नाव ओव्हाळ. लोकांची करडई त्यांच्यासमोर काढून द्यायची. या बाटल्यांतलं तेल आलेल्याला चाखायला ठेवायचं.

सतीश खाली बसला. तो चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "वैनी, मी लिवलं व्हतं नाव," तो म्हणाला. "तुमाला कधी सांगितलं न्हाई. केजला पयलं दुकान टाकलं, तवा बोर्ड व्हता ओव्हाळ फोटो स्टुडिओ. लग्नाच्या ऑर्डरीला लोक यायचे, अल्बम बघायचे, आवडायचे बी. आन् जाताना बोर्ड वाचायचे. घरी इचारून सांगतो म्हनायचे. सहा म्हैने सगळे घरी इचारीत व्हते. बीडला जाऊन बोर्ड बदलला, तवा पोट भराया लागलं."

ज्योत्स्नाचे हात पाण्यातच राहिले. एवढे दिवस तिला वाटत होतं, सतीशला आपलं नाव नको झालंय. त्याला ते जपून ठेवायचं होतं, मार बसू नये अशा जागी.

"भाऊजी, बीडात तुमाला कुनी वळखत न्हवतं," ती म्हणाली. "हितं लपून कुठं लपायचं? सगळ्यांना ठावं हाय. आपल्यालाच वाटतंय कुनाला ठावं न्हाई."

सतीश चहा न घेता गेला. तीन दिवसांनी त्याने मोबाईलवर बोर्डाचं चित्र पाठवलं. 'लाकडी घाणा' मोठं होतं आणि 'ओव्हाळ' खाली, कोपऱ्यात. तिने उत्तर दिलं, 'मोठं करा.' दुसरं चित्र आलं. किंचित मोठं झालं होतं. 'अजून,' तिने लिहिलं. चौथ्या वेळी बोर्ड एसटीने आला.

'ओव्हाळ यांचा लाकडी घाणा. आपली करडई आणा. समोर बसा. तेल न्या, पेंड न्या. – ज्योत्स्ना ओव्हाळ, नांदूरघाट.'

आठ दिवस कुणी आलं नाही. ज्ञानोबा खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. सकाळी लाईट यायची, दोन वाजता जायची, आणि मध्ये मोटार गप्प असायची. ज्योत्स्नाला वाटलं, झालं, आता सतीशचंच खरं ठरलं. नवव्या दिवशी वस्तीतलीच अंजू, कारखान्यावरून ऊसतोड आटपून परतलेली, अर्धी गोणी घेऊन आली. ती घरचीच. ती धरायची नाही असं ज्योत्स्नाने मनाशी म्हटलं, तरी तेल पडायला लागल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर एका मंगळवारी दारात छोटा हत्ती टेम्पो थांबला आणि मुक्ताबाई उतरल्या. मागे दोन गोण्या.

"किती येळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"एका घान्याला तास."

"बसते."

त्या बसल्या त्या खरंच बसल्या. खल आधी रिकामा दाखव म्हणाल्या. करडई पडताना उठून उभ्या राहिल्या. तेलाची पहिली धार बोटावर घेऊन वास घेतला, जिभेला लावली. मधेच कुठे आत नेऊन काही करते का म्हणून ज्योत्स्ना पाणी प्यायला गेली तरी मान वळवून बघत होत्या. शेवटी पेंड गोणीत भरली, खाली सांडलेली केरसुणीने गोळा केली आणि तीही गोणीत टाकली. ज्योत्स्नाला या सगळ्याचा राग येण्याऐवजी हलकं वाटत होतं. हिच्यापुढे काही सिद्ध करायचं नव्हतं, सगळं समोरच होतं.

"चहा ठिवते, काकू."

"नको. उपास हाय."

"उपासाला चहा चालतो की."

"माझ्या उपासाला न्हाई चालत," मुक्ताबाई म्हणाल्या आणि तेलाचे कॅन गाडीत ठेवायला सांगितले.

मुक्ताबाईंनी आणली म्हटल्यावर पुढच्या आठवड्यात आणखी चौघांनी आणली. मग शेजारच्या दोन खेड्यांतून. वरच्या आळीतली बरीच घरं आलीच नाहीत, ती पुडीच्या तेलावरच राहिली. पण येणारे येत होते, समोर बसत होते, पेंडीचा शेवटचा कण नेत होते. आणि सगळ्यांना उपास असायचा. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारी कुणाचाच नव्हता, म्हणून बुधवारी सगळ्यांना पित्त झालेलं असायचं. एवढं धार्मिक गाव असेल असं ज्योत्स्नाला वाटलं नव्हतं.

दिवसभर घाण्यापुढे उभं राहून पाय भरून यायचे. धंदा चालायला लागला की दमणूक जाईल अशी तिची समजूत होती. ती गेली नाही, तिचं कारण फक्त बदललं.

एप्रिलचा शेवटचा रविवार आला. संजय आदल्या दिवशीच आला होता. अकराच्या सुमारास मांजरसुंब्याचा बजरंग मोटारसायकलवर आला. हायवेवर त्याचा धाबा होता. सरळ माणूस वाटला. त्याने मुसळ हाताने फिरवून पाहिलं, मोटारीचा आवाज ऐकला, ज्ञानोबांना चार नेमके प्रश्न विचारले. शेडबाहेर तिघं जण आपापल्या गोण्यांवर नंबर लावून बसले होते.

खरं सांगायचं तर ज्योत्स्नाचं त्या सकाळपर्यंत काही ठरलेलं नव्हतं. उठल्यापासून ती चाकणच्या बाजूने झुकली होती. तिथे निदान रोज कुणाचा उपास नसतो.

"मशीन घेतो," बजरंग म्हणाला. "भावाचं बसून बोलू. पन त्याच्यासंगं त्यो थोरला वाडा बी द्या. लेबलं उरली आसतील ना?"

"हायेत, खोकंभर," संजय म्हणाला. "पन त्ये चाललं न्हाई."

"माझ्याकडं चालन. पुन्या-मुंबईच्या गाड्या थांबतात. धाब्यावर मांडून ठिवतो."

"आमच्याकडं तर कुनी हात लावला न्हाई."

बजरंग हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, हेच वाईट होतं. आज ऊन फार आहे असं सांगावं तसा तो म्हणाला, "दादा, तुमच्याकडं कसं चालन? तेल बी चांगलं हाय, नाव बी चांगलं हाय. फकस्त दोन्ही एका घरात पडाया नको व्हतं."

संजयने मान हलवली. त्याला ते मान्य होतं. चांगल्या माणसाने शांतपणे सांगितलेली गोष्ट लगेच मान्य होते.

ज्योत्स्नाला मात्र राग आला. कित्येक महिन्यांनी आला आणि पायापासून आला. ती आत गेली, खाटेखालून लेबलांचं खोकं ओढून आणलं आणि बजरंगच्या पुढ्यात ठेवलं.

"हे घिऊन जावा, दादा," ती म्हणाली. "ह्याचं काई देऊ नका. मशीन द्यायची न्हाई."

बजरंगने रीतीप्रमाणे नवऱ्याकडे पाहिलं. संजयने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याने हात पसरले. "ती चालविती," तो म्हणाला. "तिचंच खरं."

बजरंगने आणखी थोडी घासाघीस करून पाहिली, मग खोकं मोटारसायकलला बांधून, उपकार मानून निघून गेला. संजय शेडच्या मागच्या बाजूला जाऊन दगडावर बसला. ज्योत्स्ना त्याच्यापाशी गेली.

"लोकं तुझ्या हातचा चहा पीत न्हाईत, ज्योत्स्ना."

"ठावं हाय."

"आन् त्यांच्यासाठी तू हितं ऱ्हानार."

"त्यांच्यासाठी कोन ऱ्हातंय? चाकणात मला कुनी चहा नको म्हनलं न्हाई. म्हननार कसं? मी कुनाला इचारूच शकत न्हवते. उभं ऱ्हायला माझं दार व्हतं का तितं? हितं दार माझं हाय. मी रोज इचारते. न्हाई म्हनतात, त्ये त्यांचं त्यांच्यापाशी."

"मी काय करू मंग?"

सोमवारी पहाटेची गाडी होती आणि ती त्याला धरावीच लागणार होती, हे दोघांनाही माहीत होतं. ती त्याच्या शेजारी बसली.

"ओ ओव्हाळ!" पुढून हाक आली. गोणीवर बसलेला गावातला शेतकरी, भर रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता. "दोनला लाईट जाती! आमची कवा लावता?"

संजय दचकून उठला. त्याला आधी वाटलं, भांडण झालं. तो घाईने पुढे गेला तर माणूस नुसता घड्याळ दाखवत होता. संजय क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, मग वाकून त्याची गोणी खांद्यावर घेतली आणि आत आणून टाकली. गोणीचं तोंड सोडून पाहिलं तर करडईत माती आणि खडे भरलेले. ज्योत्स्ना चाळणी घेऊन खाली बसली. थोड्या वेळाने तोही समोर बसून खडे वेचायला लागला.